तंगलंग ला : एका प्रस्तावाची छाननी

विक्रोळी पश्चिमेला ज्या रस्त्यावर माझ्या बहिणीच्या घरचे भांड्यांचे दुकान आहे, त्याला आज लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणतात. माझ्या पिढीतील माणसांच्या तोंडी मात्र अजूनही चुकून 'आग्रा रोड' येते. शीवहून निघून घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड ओलांडीत ठाण्याकडे जाणारा हा जुना मुंबई-आग्रा रस्ता. पुढे कसारा घाट चढून नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर असा तो आग्र्याला पोहोचतो. महामार्गांचे क्रमांक जुने होते तेव्हा मुंबई-आग्रा मार्ग हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. २०१० मध्ये क्रमांकांची फेररचना झाली आणि '३' हा आकडा अटारीहून अमृतसर, जालंधर, होशियारपूर, मंडी, कुलू, मनाली असे करीत थेट लेहला जाणाऱ्या रस्त्याला मिळाला. एका खातेदाराचा क्रमांक काढून दुसऱ्याला देण्याची प्रथा बँकेत नाही. महामार्ग खात्यात ती असावी. हा योगायोग मला माझ्या भाच्याने सांगितला, आणि सांगता सांगता दुकानाच्या गल्ल्यावर एक घडी घातलेला कागद ठेवला.

त्या कागदावर नऊ ओळी होत्या. नऊ दिवस, तीन मोटारसायकली, तीन मित्र. पहिल्या दिवशी चंडीगड ते मनाली, दुसऱ्या दिवशी मनाली ते सरचू, तिसऱ्या दिवशी लेह, चौथ्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रा खोरे, पाचव्या दिवशी पँगाँग सरोवर, सहाव्या दिवशी पुन्हा लेह, आणि उरलेल्या तीन दिवसांत आल्या वाटेने चंडीगड. खाली खर्चाचा अंदाज, त्याखाली एकूण. एकूण बरोबर होती. वाण्याच्या मुलाची बेरीज चुकत नाही.

"मामा, आईचे म्हणणे आहे की तुम्ही हो म्हणालात तर ती हो म्हणेल," भाचा म्हणाला.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी एकुलता एक मुलगा आहे त्यांना या वाक्याचा भार निराळा समजावून सांगायला नको. भावोजींच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, दिवसभर दुकानात उभे राहणे त्यांना शक्य नाही. सत्तावीस वर्षांचा हा मुलगाच दुकान चालवतो. मी छत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यांतील बराच काळ कर्ज विभागात. अनेक प्रस्तावांवर सह्या केल्या. पण त्यांत बुडाला तर पैसा बुडणार होता. बहिणीच्या एका 'दादा, तू बघ' या शब्दाने माझ्यापुढे जो प्रस्ताव आला होता, त्याचे तारण वेगळेच होते. मी कागद घडी करून खिशात टाकला आणि पंधरा दिवसांची मुदत मागितली.

नकार देणे सोपे होते. बँकेतही ज्याला काम करायचे नसते तो अधिकारी नकारच देतो; त्याच्या नकाराची चौकशी कधी होत नाही. आणि मला नकार देण्याचा अधिकार फारसा नव्हताही, कारण असाच एक कागद मी स्वतः एकदा तयार केला होता. मनाली-लेह रस्ता सर्वसामान्य प्रवाशांसाठी १९८९ मध्ये खुला झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, माझ्याकडे येझ्दी मोटारसायकल असताना, एका सहकाऱ्यासोबत मी तो बेत आखला होता. रजा-प्रवास सवलतीचा अर्जही भरला होता. मग बढती आली, बढतीबरोबर विदर्भातील बदली आली, बेत पुढच्या वर्षावर गेला. पुढे विक्रोळीतील घराच्या नोंदणीच्या वेळी पैसे कमी पडले तेव्हा येझ्दी विकली. अशा गोष्टी सर्वांच्याच आयुष्यात असतात. सांगितले एवढ्याचसाठी की छाननी करणारा अधिकारी पूर्णपणे तटस्थ नव्हता, ही नोंद असावी.

पंधरा दिवसांत मी नकाशे पाहिले, उंचीचे आकडे एका वहीत लिहिले, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन बसलो. त्या वहीत पहिला प्रश्न होता तो अंतराचा नव्हे, उंचीचा. आणि त्यातही दिवसा कोठवर चढणार याचा नव्हे, रात्री कोठे झोपणार याचा.

आपली विक्रोळी खाडीकाठची. समुद्रसपाटीहून तिची उंची मोजायची तर काही मीटरच भरेल. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. मुलांनी दुसऱ्या रात्रीचा मुक्काम जेथे ठरवला होता ते सरचू सुमारे ४,२९० मीटरवर. म्हणजे एका दिवसात झोपण्याची जागा दोन हजार मीटरहून अधिक वर. पर्वतारोहणाच्या वैद्यकातील सर्वमान्य सल्ला असा की साधारण तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दररोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम तेथेच ठेवावा. दिवसा कितीही वर जाऊन यावे, रात्री खाली यावे.

असे का, हे मुलांना समजावताना मला बँकेचीच भाषा सापडली. हवेत प्राणवायूचा वाटा खाली असतो तेवढाच वरही असतो, शेकडा एकवीसच्या जवळपास. कमी होतो तो हवेचा दाब. खारदुंग लाच्या उंचीवर तो समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा होतो. नोट शंभराचीच, क्रयशक्ती पन्नासाची. शरीर या महागाईशी जुळवून घेते, श्वास वाढवते, रक्ताची घडण बदलते, परंतु त्यासाठी त्याला दिवस लागतात आणि ते दिवस पैसे देऊन विकत मिळत नाहीत. घाई केली तर डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. त्याकडेही दुर्लक्ष केले तर फुप्फुसात पाणी साचते किंवा मेंदूला सूज येते, आणि तेव्हा खात्रीचा उपाय एकच : ताबडतोब खाली उतरणे. तरुण, धडधाकट, रोज व्यायाम करणारा माणूस यातून सुटतो असे नाही. उलट तो डोकेदुखी लपवतो.

या लपवण्याबद्दल मी जरा सविस्तर बोललो. थकीत खाते थकीत दिसू नये म्हणून जुने व्याज भरायला नवे कर्ज देणारे शाखाधिकारी मी पाहिले आहेत. वेदनाशामक गोळी घेऊन पुढच्या खिंडीकडे निघणारा प्रवासी तेच करीत असतो. नव्वद दिवस हप्ता आला नाही की खाते अनुत्पादक, हा नियम कडक वाटतो, पण त्यात एक सोय आहे : निर्णय कोणाच्या मर्जीवर राहत नाही. म्हणून अट क्रमांक एक अशी लिहिली की डोके दुखत असेल त्याने सांगायचे, ऐकणाऱ्यांनी हसायचे नाही, आणि दुखणे थांबेपर्यंत कोणीही अधिक उंचीवर झोपायचे नाही. दुखणे वाढले तर त्याच दिवशी खाली. तिघांपैकी एकाने 'परत' म्हटले की तिघे परत. डॉक्टरांनी एका औषधाचे नाव सुचवले, पण ते त्यांनी प्रत्येकाला तपासूनच देईन म्हटले. मित्राने दिलेली गोळी घेऊ नये, एवढेच मी येथे लिहितो.

वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर चढायची योग्य बाजू श्रीनगरची. श्रीनगर, कारगिल, मग लेह : उंची टप्प्याटप्प्याने वाढते, वाटेतील झोजी ला ३,५२८ मीटरचीच आहे आणि कारगिलचा मुक्काम २,७०० मीटरच्याही आत येतो. जाणते प्रवासी तिकडून चढून मनालीकडे उतरतात ते याचमुळे. मी तसाच आराखडा केलाही होता. परंतु एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे घडले त्यानंतर माझी बहीण काश्मीरचे नाव ऐकायला तयार नाही. मी तिच्याशी वाद घातला नाही. आईच्या भीतीवर आकडेवारी चालत नाही, आणि तिची भीती सर्वस्वी निराधार होती असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

मग मनालीकडूनच चढायचे तर दिवस वाढवायला हवेत. नव्या आराखड्यात मनालीला दोन रात्री आहेत. नंतर ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये उतरायचे. नऊ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याने ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड टळते आणि अंतर सेहेचाळीस किलोमीटरने वाचते. मुलांना रोहतांग टळल्याचे दुःख झाले. मला झाले नाही. पुढे जिस्पा येथे, सुमारे ३,२०० मीटरवर, पुन्हा दोन रात्री. त्यांतील दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीने बारालाचा लापर्यंत, म्हणजे ४,८९० मीटरपर्यंत जाऊन यायचे आणि झोपायला जिस्पालाच परतायचे.

त्यानंतरचा दिवस सर्वांत कठीण. बारालाचा ला, गाटा लूप्सची एकवीस वळणे, नकी ला, ५,०५९ मीटरची लाचुंग ला, पांगचे लष्करी तळ, मग मोरे मैदान, आणि शेवटी तंगलंग ला, ५,३२८ मीटर. या साऱ्या पट्ट्यात झोपण्याजोगी जी ठिकाणे आहेत ती चार हजार दोनशे मीटरच्या वर, पांग तर ४,६०० मीटरवर. म्हणून तेथे झोपायचेच नाही. पहाटे चारला जिस्पा सोडायचे आणि तंगलंग ला उतरून सिंधूकाठच्या उपशीला रात्र काढायची. तेथून लेह पन्नास किलोमीटरच आहे. पहाटे निघण्याला आणखी एक कारण आहे. रस्त्यावरून वाहणारे नाले हे वितळत्या बर्फाचे पाणी. सकाळी ते घोट्याइतके असते. ऊन चढले की फुगते आणि दुपारी तोच नाला मोटारसायकल आडवी पाडतो. आपल्याकडे पुराचा संबंध पावसाशी. तेथे स्वच्छ ऊन पडले म्हणून पूर येतो, ही गोष्ट कोकण-घाटमाथ्याच्या माणसाच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो.

पेट्रोलचा हिशेब भाच्याने बरोबर केला होता, तेवढे गुण त्याला दिले. केलाँगच्या अलीकडे टांडी येथे पंप आहे आणि तेथील पाटी प्रसिद्ध आहे : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. त्याची गाडी आपल्याकडे लिटरला तीस किलोमीटर देते. विरळ हवेत, खालच्या गिअरमध्ये, ती तेवढे देईल असे धरायचे नाही. टाकी भरून शिवाय प्रत्येकाने पाच लिटरचा धातूचा कॅन. तिघांपैकी एकाची गाडी जुनी, कार्ब्युरेटरची आहे. विरळ हवेत तिच्यात पेट्रोलचे प्रमाण जास्त होते, ती धूर सोडते, चढणीवर दम टाकते. ती विक्रोळीच्या मेस्त्रीकडून तेथे दुरुस्त करून घेता येणार नाही, म्हणून ती गाडी ज्याची आहे त्यानेच कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करायला शिकायचे, असे ठरले. तो तीन रविवार गॅरेजमध्ये बसला. क्लचची तार, ब्रेकची तार, चेनची जोडकडी, दोन ट्यूब, हातपंप हे सामान तिघांत मिळून एकदाच घ्यायचे. मुलांनी तिघांनी तीन वेळा लिहिले होते. व्यापाऱ्याची मुले असून घाऊक खरेदीचा विसर पडावा, याचे मला नवल वाटले.

कागदपत्रे पाहताना मात्र माझे सेवाकाळातील डोळे उघडले. दुसऱ्या मित्राची गाडी त्याच्या नावावर नव्हती. दोन वर्षांपूर्वी कोणाकडून तरी घेतलेली, पैसे पूर्ण दिलेले, एमएच-०३ ची गाडी अजून जुन्या मालकाच्याच नावे. मुंबईत हे चालून जाते. लडाखमध्ये बाहेरच्या भाड्याच्या गाड्यांना स्थानिक संघटना खारदुंग ला, नुब्रा, पँगाँगकडे जाऊ देत नाहीत, आणि दुसऱ्याच्या नावावरची गाडी भाड्याची नाही हे रस्त्यावर उभे राहून सिद्ध कोण करणार? अपघात झाला तर विम्याचा प्रश्न त्याहून मोठा. हक्क निर्वेध नसलेली मालमत्ता मी कधी तारण घेतली नाही. नाव बदलून आणल्याशिवाय तुझा अर्ज विचारातच घेतला जाणार नाही, असे त्याला सांगितले. रागावला, पण आणले. आरोग्यविम्याच्या पॉलिसीतील बारीक अक्षरेही तिघांना माझ्यासमोर वाचायला लावली, कारण साहसी प्रवासातील इजा वगळणारे कलम काही पॉलिसींत असते. आणि लेहला बाहेरची प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत, म्हणून निदान एकाचे तरी पोस्टपेड हवे.

गाड्या येथून चालवत नेण्याचा हट्टही होता. 'दुकानासमोरचाच रस्ता तर आहे, मामा,' हा युक्तिवाद गोड होता. पण मनालीपर्यंतचे सुमारे दोन हजार किलोमीटर जूनच्या उन्हात, राजस्थान-हरियाणातून, आणि तेथून दमलेल्या शरीराने पर्वत चढायचा? गाड्या रेल्वेने चंडीगडला जातील. टाकी रिकामी करून, गवत-गोणपाटात बांधून, नोंदणीपत्राची प्रत जोडून पार्सल करायच्या. त्या वेळेवर पोहोचतीलच असे नाही, म्हणून आठ दिवस आधी.

त्या हट्टाची भरपाई म्हणून मी एक अट घातली जी मुलांना शिक्षा वाटली आणि मला, खरे सांगायचे तर, बक्षीस. पूर्ण सामान लादून विक्रोळी ते इगतपुरी अशी एक चाचणी फेरी. समृद्धी महामार्गावर दुचाकींना मनाई आहे, त्यामुळे जुन्या आग्रा रस्त्यानेच जायचे. भाच्याच्या गाडीवर सामानाऐवजी मी बसलो. वजन पासष्ट किलो, म्हणजे त्याच्या बॅगांपेक्षा जास्तच.

मे महिन्यातील एका रविवारी पहाटे पाचला दुकानाच्या बंद शटरसमोरून आम्ही निघालो. ठाणे, भिवंडीचे वळण, पडघा. शहापूरला मानस मंदिरात दर्शन घेतले, आवारात डबा उघडून न्याहारी केली. खर्डीजवळ एकाच्या बॅगेचा पट्टा सुटून सायलेन्सरला चिकटला आणि वितळला. कसारा घाट चढताना तिघांनी गाड्या व्यवस्थित चालवल्या. उतरताना मात्र ब्रेकच्या जळका वासाने मी भाच्याला थांबवले. मागचा मित्र सारा उतार ब्रेक दाबून उतरत होता. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे ट्रकचालकांचे शास्त्र त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तंगलंग लावर हे कळले असते तर? मी त्याला पुन्हा वर पाठवले आणि पुन्हा उतरवले. तीनदा.

घाटमाथ्यावर उभे असताना मी वहीतील आकडा पाहिला. कसारा घाट ५८५ मीटर. असे नऊ कसारा घाट एकावर एक रचले तर तंगलंग लाच्या जरा खाली पोहोचू. मुले गप्प झाली. नुसता पाच हजार तीनशे हा आकडा त्यांना काही सांगत नव्हता. लडाखी भाषेत 'ला' म्हणजे खिंड. म्हणून 'खारदुंग ला पास' म्हणणे म्हणजे 'खिंड खिंड' म्हणणे. आपल्या सह्याद्रीतही व्यापार खिंडीखिंडीतूनच चढला. याच रांगेत दक्षिणेला नाणेघाट आहे, सातवाहनांच्या काळातला, आणि त्याच्या माथ्यावर जकातीचे नाणे टाकण्यासाठी होता असे सांगतात तो दगडी रांजण आजही उभा आहे. लेहचेही तसेच. आज जेथे मोटारसायकलस्वार छायाचित्रे काढतात त्या खारदुंग लावरून यारकंदकडचे काफिले जात-येत. पश्मिना लोकर, गालिचे, चहा, सुती कापड असा माल. त्या व्यापारात होशियारपूरचे व्यापारी ठळकपणे होते. पंजाबातून कुलूमार्गे लेहपर्यंत त्यांच्या पेढ्यांचा व्यवहार चाले. आजचा महामार्ग क्रमांक ३ होशियारपूरवरूनच वर जातो. १९४९ च्या सुमारास पलीकडची सीमा बंद झाली आणि तो व्यापार थांबला. नुब्रातील हुंडर गावी दोन मदारींचे जे उंट दिसतात ते त्या काफिल्यांच्या उंटांचे वंशज. भाचा म्हणाला, "म्हणजे मामा, आपण व्यापारी लोक आधीच जाऊन आलेलो आहोत." मी म्हटले, ते सतरा दिवसांत परत येण्याच्या घाईत नव्हते.

(खारदुंग लावरील पाटीबद्दल एक तक्रार. अनेक वर्षे तेथे १८,३८० फूट लिहिलेले होते आणि जगातील सर्वांत उंच रस्ता असा दावा होता. उपग्रहाच्या मोजणीने ती खिंड सुमारे १७,५८० फूट भरते. आठशे फुटांची तफावत! रोकड तपासणीत असे निघाले असते तर खजिनदार घरी गेला असता. सीमा सडक संघटनेने पुढे उमलिंग ला येथे १९,०२४ फुटांवर रस्ता नेला, त्यामुळे आता तो वाद उरला नाही.)

बहिणीची चिंता मात्र खिंडीपेक्षा ताटाची होती. भाचा चौविहार पाळतो आणि कंदमुळे खात नाही. वाटेवरच्या तंबूंत मिळणार राजमा-भात, कांद्याचे ऑम्लेट, बटाट्याचा पराठा. खाखरे, थेपले, मूग, सुका नाश्ता हे सारे जाईल. भात-डाळ कांदा-लसणाविना करून द्या म्हटले तर तंबूवाले देतातही. अडचण पाण्याची होती. त्या कोरड्या हवेत दिवसाला तीन-चार लिटर पाणी पोटात जायला हवे असे डॉक्टरांचे म्हणणे. जूनमध्ये लेहला सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, म्हणजे दिवस मोठा आहे. तरी रात्री घसा सुकून उठणाऱ्याला पाणी नाही म्हणायचे का? बहीण उपाश्रयात विचारून आली. त्या दिवसांपुरते तिविहार घ्यावे, म्हणजे रात्री पाण्याची मोकळीक राहील, असा मार्ग निघाला. पाणी उकळूनच प्यायचे. लेहला ते अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळते. जंतू मरायला तेवढे पुरते, पण डाळ शिजायला पुरत नाही, म्हणून लहान प्रेशर कुकर सामानात गेला. भांड्यांच्या दुकानदाराला तो शोधायला लांब जावे लागले नाही.

राहिला काळ. माझे मत सप्टेंबरचे होते, पर्युषण आटोपल्यावर. नाले उतरलेले असतात, हिमाचलातील पाऊस ओसरलेला असतो. जुलै-ऑगस्ट तर नकोच : जुलै २०२३ मध्ये बियासच्या पुराने कुलू-मनालीचा रस्ता कसा वाहून नेला ते आपण दूरदर्शनवर पाहिले आहे, आणि ऑगस्ट २०१० मध्ये पाऊसच न पडणाऱ्या लेहवर एका रात्री ढग कोसळला होता. परंतु सप्टेंबरनंतर लगेच नवरात्र, मग धनत्रयोदशी. भांड्यांच्या व्यापाऱ्याने तेव्हा दुकान सोडायचे हे भावोजी कसे मान्य करतील? लग्नसराई संपलेली आणि पावसाने गिऱ्हाईक घरी बसलेले, असा जूनचा उत्तरार्ध हाच काय तो मोकळा. चातुर्मास लागण्यापूर्वी परतही येता येते. तेव्हा जून.

अशा रीतीने नऊ दिवसांचे सतरा झाले. त्यांत दोन दिवस असे आहेत ज्यांच्यापुढे मी काहीच लिहिले नाही. दरड कोसळली, गाडी बिघडली, कोणाचे डोके दुखले, तर ते वापरायचे. नाही वापरले गेले तर लेहच्या बाजारात फिरायचे. भाच्याने प्रथम त्यांतच पँगाँग बसवण्याचा प्रयत्न केला. राखीव निधीतून लाभांश वाटता येत नाही, असे सांगून मी पँगाँग खोडले. तीन मुलांचे तीन चेहरे पडले. तो तलाव चित्रपटात दिसल्यापासून त्यांच्या मनात होता, हे मला ठाऊक आहे. पण खारदुंग ला ओलांडून हुंडरला उतरले की झोपायची जागा लेहपेक्षा खाली येते. पँगाँगला ती सव्वाचार हजार मीटरवर जाते. माझी सही हवी असेल तर हेच.

"सतरा दिवस दुकान कोण बघणार?" भाच्याने विचारले. यात थोडा विजयाचा सूर होता. नऊ दिवस भावोजी खुर्ची टाकून कसेबसे निभावणार होते. सतरा त्यांना झेपणार नव्हते, हे त्यालाही माहीत होते आणि मलाही. प्रस्ताव या एका मुद्द्यावर अडकला आणि दोन दिवस अडकूनच राहिला.

तिसऱ्या दिवशी मी बहिणीला फोन करून सांगितले की सतरा दिवस मी बसतो. तिने विचारले, "दादा, तुला जमेल?" मी म्हटले, येझ्दीवरून लेहला जाणे जमले असते तर हे का नाही जमणार. ती हसली नाही. तिला तो जुना कागद आठवत असावा, तेव्हा ती शाळेत होती आणि नकाशावरची रंगीत रेघ तिनेच ओढून दिली होती.

गेल्या आठवड्यापासून मी रोज दुपारी दुकानात सरावाला जातो. स्टीलच्या डब्यांचे आकडे आणि माप यांचा मेळ अजून बसलेला नाही. सात नंबर मागितला की मी नऊ काढतो. पितळेचा भाव किलोने, स्टीलचा काही नगाने तर काही किलोने, आणि जुन्या भांड्यांची मोड घ्यायची तर त्याचे गणित वेगळे. भाच्याने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस माझ्यासाठी एक कागद चिकटवला आहे. घाऊक व्यापाऱ्यांचे फोन, मालाच्या टेम्पोचे दिवस, शटरच्या कुलपाची खोड, बाबांच्या गोळ्यांची वेळ, असे सारे ओळीने लिहिले आहे. बेरीज नेहमीप्रमाणे बरोबर. सर्वांत खाली लाल शाईने : 'मामा, कोणालाही उधार देऊ नका.'